परके आणि प्रवासी, पण घराची किल्ली पर्समध्ये

मोहरीचा_दाणा

लग्नानंतरच्या १९ वर्षांत आम्ही भाड्याची ११ घरं बदलली. नवऱ्याची बदलीची नोकरी, इलाज नव्हता. घरमालक तऱ्हेतऱ्हेचे भेटले, पण एक अट अकराही जणांची सारखीच: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. घड्याळ कपाटावर टेकवलेलं, सासऱ्यांचा फोटो ट्रंकेत, कॅलेंडर फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं, असा आमचा संसार.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा स्वतःचं घर झालं. चर्चचे पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. आणि पुढच्याच रविवारी उपदेशाला वचन कोणतं यावं? बायबलमधलं इब्री ११:१३. आपण पृथ्वीवर परके व प्रवासी आहोत असं पत्करून जे विश्वासात मेले, त्यांच्याबद्दलचं. अब्राहाम आयुष्यभर तंबूत राहिला, आपलं इथे काही नाही, सामान बांधून तयार राहा, वगैरे. उपदेश वाईट नव्हता हो. पण मी बाकावर चोरासारखी बसले होते. किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये, आणि तोही नेमका खुळखुळला.

मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे. कुणाच्या अंत्यविधीला तर हमखास. पण आता खरं सांगते, मला प्रवासी नाही व्हायचंय. १९ वर्षं होते की. त्याने विश्वास वाढला असं काही जाणवलं नाही, पाठ मात्र कायमची दुखायला लागली.

तर प्रश्न असा. घर घेतलं, अंगणात झाड लावलं, म्हणजे माझा विश्वास कुठे कमी पडला का? आणि प्रवासी म्हणून जगायचं, तर सकाळी उठल्यापासून नक्की करायचं काय?

भांडणासाठी धागा काढलेला नाही. खिळा अजून ठोकलेला नाही, हेही नमूद करते.

टिवल्याबावल्या

पहिला प्रतिसाद माझा. घराचं अभिनंदन! खिळा आधी, अध्यात्म नंतर.

अल्फा_बीटा

अभिनंदन. चर्चा शब्दांवरून सुरू करतो, सवय आहे, माफ करा.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:११) दोन ग्रीक शब्द शेजारीशेजारी येतात. पारेपिदेमोस, म्हणजे चार दिवसांसाठी गावात उतरलेला. आणि पारोइकोस. यात 'ओइकोस' म्हणजे घर आणि 'पारा' म्हणजे शेजारी, जवळ. हा माणूस शहरात वर्षानुवर्षं राहतो, धंदा करतो, त्याची मुलं तिथेच वाढतात, पण नागरिकत्व नाही. आपण 'प्रवासी' म्हटलं की बॅगेवर बसून गाडीची वाट बघणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पारोइकोस तसा नाही. त्याला बिऱ्हाड आहे, शेजार आहे. हक्क तेवढा नाही.

बायबलच्या जुन्या करारात याच जागी अनेक ठिकाणी 'गेर' हा हिब्रू शब्द आहे. मोशेने परक्या मुलखात जन्मलेल्या मुलाचं नाव गेर्षोम ठेवलं, त्यातला गेर तोच. मराठीत याला माझ्या मते सगळ्यात जवळचा शब्द 'उपरी'. आज आपण उपरा म्हणजे आगंतुक असं समजतो, पण जुन्या जमीनव्यवहारात मिरासदार आणि उपरी अशी जोडी होती. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क. उपरी तीच माती कसणार, घाम त्याचाच, पण मिरास नाही.

अवांतर: पारोइकोसपासून पारोइकिया, आणि त्यावरूनच पुढे 'पॅरिश' शब्द आला. म्हणजे आज जे चर्चच्या हद्दीचं, नोंदवहीचं, सगळ्यात स्थिर नाव आहे, त्याचा मूळ अर्थ 'उपऱ्यांची वस्ती'. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने (म्हणजे तिथल्या चर्चने) करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्याच्या मायन्यातही दोन्ही मंडळ्यांचा उल्लेख आपापल्या शहरात उपरी म्हणून राहणाऱ्या असाच आहे.

निवृत्त_मेंढपाळ

ताई, आधी एक कबुली. हा उपदेश मी स्वतः तीस वर्षे केला आहे. त्यातली सगळी वर्षे मंडळीने दिलेल्या घरात राहून. छप्पर गळले की मंडळी दुरुस्त करणार, पाण्याचे बिल मंडळी भरणार, आणि मी व्यासपीठावरून सांगणार की बंधुभगिनींनो, अब्राहामाप्रमाणे तंबूत राहा! निवृत्तीनंतर दोन महिन्यांत घर रिकामे करायला सांगितले तेव्हा माझी झोप उडाली. पत्नी म्हणाली, "तुमचाच उपदेश काढा आणि वाचा." त्या दिवसापासून मी हे उतारे पुन्हा वाचू लागलो. तोवर नुसते सांगत होतो.

पुन्हा वाचताना दोन खरेदीखते सापडली.

पहिले उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात. सारा १२७ वर्षांची होऊन वारली. अब्राहाम तिथल्या हेथी लोकांपुढे उभा राहून म्हणतो, मी तुमच्यात परदेशी व उपरी आहे, मला पुरायला जागा द्या. जमिनीचा मालक एफ्रोन आधी म्हणतो, अहो, फुकट घ्या. मग हळूच किंमत सांगतो, आणि वर म्हणतो की तुमच्याआमच्यात ४०० शेकेलचे काय एवढे! अब्राहाम घासाघीस करत नाही. भर वेशीत चारचौघांसमोर रुपे तोलून देतो. ज्याला देवाने सगळा देश देऊ केला होता, त्याच्या नावावर आयुष्यभरात झालेली जमीन ही एवढीच: मकपेलाचे शेत आणि त्यातली गुहा. एक कबर. तीही पूर्ण दाम मोजून.

दुसरे यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात. बाबेलच्या (म्हणजे बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला आहे. हे शहर पडणार असे सांगितल्याबद्दल संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातले माझे शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! आणि यिर्मया ती घेतो. १७ शेकेल रुपे, साक्षीदारांच्या सह्या, मोहोर, आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात घालून ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावे म्हणून. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा त्याला शब्द मिळाला होता.

म्हणजे परका म्हणवणारा माणूस जमीन घेतो, आणि सगळे बुडणार हे जाणणारा माणूसही घेतो. घर घेतल्याने विश्वास कमी पडतो असे या दोघांकडे बघून मला तरी म्हणवत नाही.

मोहरीचा_दाणा

काका, यिर्मयाची ती गोष्ट मी वाचली असेन, पण शेतखरेदी म्हणून कधीच वाचली नव्हती. मातीचं भांडं आवडलं. आमचं खरेदीखत सध्या साड्यांच्या कपाटात आहे.

तर्कट

मी श्रद्धावान नाही, धागा उघडाच आहे म्हणून लिहितो.

शब्दांचा अर्थ, खरेदीखतं, सगळं छान. पण परिणामांचं काय? ज्या खोलीतून उद्या निघायचंय, तिथला गळका नळ कोण दुरुस्त करतो? हे जग म्हणजे मुक्कामाची धर्मशाळा असं एकदा मनात बसलं, की नद्या नासल्या काय, मजुरी बुडाली काय, 'वर गेल्यावर सगळं नीट होईल.' मार्क्सने १८४४ साली धर्माला लोकांची अफू म्हटलं ते उगाच नाही. अमेरिकेत गुलामांना स्वर्गाची आशा दाखवून मुकाट राबवून घेतलं गेलं. स्वर्गातलं वतन गुलामाला आणि इथली जमीन मालकाला, अशी वाटणी.

आणि १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेले ते यात्रेकरू? स्वतःला पृथ्वीवरचे परके म्हणवत गेले, तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांच्या भूमीवर उतरले, आणि दोन पिढ्यांत खरे परके कोण झाले ते इतिहासात आहे.

मोहरीचा_दाणा

नळाबद्दल मी सांगू शकते. मी केलेत. अकराही घरांचे. घरमालकाला सात फोन करूनही तो येत नाही, आणि पाणी तर आपल्यालाच प्यायचंय. भाडेकरू नळ दुरुस्त करत नाही हे घरमालकांनी पसरवलेलं आहे.

उलट एक सांगते. भाड्याच्या घरात शिरताना आपण भिंतीचा प्रत्येक ओरखडा लिहून ठेवतो, कारण जाताना हिशेब द्यायचा असतो. स्वतःच्या घरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाने कपाट ओढून फरशीवर चरा पाडला, तर मीच म्हणाले, जाऊ दे, आपलीच आहे.

अल्फा_बीटा

@तर्कट, मेफ्लॉवरचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. त्याला 'पण' लावत नाही.

गुलामांच्या बाबतीत मात्र अर्धीच गोष्ट सांगितलीत. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळाला, त्याने १८५५ च्या आत्मवृत्तात लिहिलंय की कनान देशाला निघालो अशी गाणी ते म्हणायचे तेव्हा मनात स्वर्ग होताच, पण त्याखेरीज उत्तरेकडचा मुक्त मुलूखही होता. मालकाच्या कानांना भक्तिगीत, आणि गाणाऱ्याच्या मनात पळून जायचा बेत. 'हा देश माझा नाही' हे वाक्य मालकाच्या तोंडी अफू असेल. ज्याला विकत घेतलंय त्याच्या तोंडी ते बंड आहे.

दुसरं, 'वर निघून जायचंय' ही कल्पना आपण बायबलमध्ये घालून मग तिथूनच वाचून काढतो. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, शहर खाली येतं. 'देवाचा मंडप माणसांजवळ' असे शब्द आहेत. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात तर सगळी सृष्टीच कण्हत सुटकेची वाट बघतेय.

'आमचं नागरिकत्व स्वर्गात आहे' (३:२०) हे प्रेषित पौलाने लिहिलं ते फिलिप्पैकरांना. फिलिप्पै ही रोमची वसाहत होती, तिथे निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं होतं. त्यांच्या नागरिकत्वाचा अर्थ 'एक दिवस सामान घेऊन रोमला परत जाणार' असा नव्हता. रोमची रीत इथे, या शहरात चालवायची, असा होता. पौलाचा वाचक हे रोज बघत होता.

सहज_वाचक

पहिल्यांदाच या विभागात लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी आजी 'दोन दिवसांचे पाहुणे आपण' हे उठताबसता म्हणायची. जग मिथ्या, देह नाशिवंत, जीव अडकवू नका, हे ऐकतच वाढलो. मग ख्रिस्ती लोक परके-प्रवासी म्हणतात ते हेच का? की काही फरक आहे? खोडसाळपणा नाही, खरंच विचारतोय.

निवृत्त_मेंढपाळ

चुकलात काहीच नाही. प्रश्न फार मोलाचा विचारलात. तुमच्या परंपरेबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, तिच्यातही अनेक मते आहेत. माझ्या बाजूचे सांगतो.

बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव जे जे करतो ते पाहून चांगले म्हणतो, शेवटी 'फार चांगले'. त्यामुळे जग खोटे आहे, भास आहे, ही वाट आम्हाला बंद आहे. मग परके का म्हणवून घ्यायचे? लेवीय २५:२३ मध्ये याचे उत्तर मिळते. देव म्हणतो, जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परदेशी व उपरी आहात. आणि हे कुणाला सांगितले? ज्यांना तो तीच जमीन वतन म्हणून देणार होता त्यांना! जग खोटे म्हणून आपण उपरे नाही. जग दुसऱ्याचे आहे म्हणून उपरे. पुढे त्याच अध्यायात ५० व्या वर्षाचा, योबेलाचा नियम आहे. ज्याची जमीन कर्जापायी गेली त्याला ती परत. उपरी असण्यातून निघालेला हा थेट जमिनीचा कायदा आहे. तर्कटरावांनी हा अध्याय जरूर वाचावा. कायदा पाळला किती गेला, हा वेगळा प्रश्न, आणि त्यावर संदेष्ट्यांनी केलेला आरडाओरडाही तिथेच आहे.

त्यातला 'माझ्याजवळ' हा शब्द बघा. स्तोत्र ३९ मध्येही स्तोत्रकर्ता म्हणतो, मी तुझ्याजवळ उपरी आहे. कुणाच्या तरी ओसरीवर असणे आणि रस्त्यावर असणे यांत फरक आहे.

मीठ_चिमूटभर

माफ करा, पण धागा फार सोयीचा होत चाललाय.

सगळे मिळून दाणाताईंना सांगताहेत की काळजी नको, घर चालतं, यिर्मयानेही घेतलं होतं. मान्य. पण ज्याच्या मागे जायचंय त्या येशूने स्वतःबद्दल काय म्हटलं? कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी, मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला जागा नाही (लूक ९:५८). हे कुणाला म्हटलं? "तुम्ही जाल तिथे मी येईन," असं म्हणणाऱ्या उत्साही माणसाला. ते वचन शब्दार्थाने, ग्रीकने, संदर्भाने गुळगुळीत करता येत नाही.

लूक १२ मधला धान्य साठवणारा श्रीमंत आठवा. त्याने चोरी केली नव्हती. पीक चांगलं आलं, कोठारं पाडून मोठी बांधायची ठरवली. बाकी सगळं व्यवहारी शहाणपण. फक्त ती गोष्ट मोठ्याने वाचून बघा. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझ्या जिवा. अख्ख्या गोष्टीत तो देवाशी नाही, बायकोशी नाही, शेजाऱ्याशीही नाही, फक्त स्वतःशी बोलतो. शेवटी देव बोलतो तेव्हा ते त्याच्या आयुष्यातलं पहिलं दुसऱ्या कुणाचं वाक्य असतं, आणि ते 'मूर्खा' असं आहे.

जुन्या काळातला ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीन, त्याचा एक दृष्टांत मला आवडत नाही, कारण तो मला लागतो. घरी परतणारे प्रवासी, आणि वाटेत त्यांना गाडीचे हेलकावेच इतके आवडू लागतात की घर विसरतात. घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. सोडायची वेळ आली तर सोडता येईल का, एवढं विचारते. आणि 'येईल की' हे उत्तर लिहायला सोपं असतं, म्हणून इथे लिहूच नका.

निवृत्त_मेंढपाळ

चिमूटभर मीठ जखमेवर पडले. पडायलाच हवे होते.

एकच जोडतो. यिर्मयाच्याच पुस्तकात (अध्याय ३५) रेखाबी कुटुंब आहे. पूर्वजाच्या आज्ञेवरून ते घर बांधत नाहीत, पेरणी करत नाहीत, द्राक्षारस पीत नाहीत, तंबूत राहतात. देव यिर्मयाकडून त्यांची वाहवा करवतो. पण त्याच यिर्मयाकडून बाबेलात नेलेल्यांना पत्र जाते (अध्याय २९): घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी झटा आणि प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी प्रार्थना! त्याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना काय सांगत होता माहीत आहे? दोन वर्षांत सगळे पूर्ववत. म्हणजे सामान सोडू नका. यिर्मया म्हणाला ७० वर्षे. हनन्या खोटा ठरला.

आपल्यापैकी रेखाबी कोण आणि बाबेलातले कोण, हे मला दुसऱ्याच्या वतीने ठरवता येत नाही. व्यासपीठावर असताना ठरवत असे.

रात्रपाळी

दोन दिवस वाचतेय. राग येत होता म्हणून लिहिलं नव्हतं.

तुम्ही ज्याला रूपक म्हणता तो माझ्या पासपोर्टवरचा शिक्का आहे. 'तात्पुरती रहिवासी.' परक्या देशात रुग्णालयात रात्रपाळी करते, ७ वर्षं झाली. दर नूतनीकरणाच्या आधी पोटात गोळा येतो. तिथल्या मंडळीत जाते. लोक चांगले आहेत. पण ७ वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न आहे, "मग परत कधी जाणार?" आणि त्याच तोंडाने ते भजन म्हणतात की आम्ही सगळे इथे परदेशी. नाही हो. तुम्ही परदेशी नाही. तुमच्याकडे मतदान ओळखपत्र आहे.

इफिसकरांस पत्रात पौल अगदी उलट लिहितो: तुम्ही यापुढे परके व उपरी नाही, देवाच्या घरचे आहात (२:१९). मला आधी ते द्या. मी घरची झाले, की मग आपण सगळे मिळून प्रवासी होऊ.

लेवीय १९:३४ पण असंच आहे. परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्ही मिसर देशात परके होता. आधी आठवण, मग आज्ञा. माझ्या वाचनात तरी 'तुम्ही परके आहात' हे वाक्य बायबलमध्ये फार वेळ एकटं राहत नाही. त्याच्या मागोमाग कुणीतरी दारात उभा असतो.

मोहरीचा_दाणा

ताई, हे वाचून उत्तर सुचेना म्हणून उठून भांडी घासून आले. अजूनही सुचत नाहीये. पण वाचलं एवढं कळवावंसं वाटलं.

अल्फा_बीटा

रात्रपाळी यांच्या प्रतिसादावर टीप लिहिणं बरं दिसत नाही. तरी एक लिहितोच, कारण ती त्यांच्या बाजूची आहे.

लूक २४. अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूचे दोघे शिष्य निघालेत, तिसरा येऊन मिळतो, काय बोलताय विचारतो. क्लयपा म्हणतो, यरुशलेमेत उतरलेला तूच एकटा असा आहेस का, ज्याला हे ठाऊक नाही? तिथे ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते त्याच पारोइकोसच्या घराण्यातलं. पुनरुत्थित येशूला त्याच्याच लोकांनी पहिलं नाव दिलं ते 'उपरी'. आणि गंमत म्हणजे तो पुढे जाणार असं दाखवतो. ते आग्रह करतात, राहा, संध्याकाळ झालीय. भाकर मोडताना ओळख पटते. आग्रह केला नसता तर?

तर्कट

हे मात्र मला माहीत नव्हतं.

माझ्या बाजूने एक प्रामाणिकपणे नोंदवतो. सम्राट जुलियन, ज्याला रोमन साम्राज्यात जुन्या देवांची पूजा पुन्हा आणायची होती, त्याने ३६२ च्या सुमारास आपल्या पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की हे गालिली (म्हणजे ख्रिस्ती) लोक परक्यांचा पाहुणचार करतात, आणि स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, आपल्याला लाज वाटायला हवी. विरोधकाची साक्ष म्हणून मी ती मानतो. मित्रांच्या साक्षीपेक्षा जास्त.

मात्र धर्मशाळेची आणि नळाची तक्रार मागे घेतलेली नाही.

टिवल्याबावल्या

इतका वेळ गप्प होतो याची नोंद घ्यावी.

फार पाहुणचाराने हुरळून जाऊ नका. 'दिदाखे' नावाचं अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांचं नियमपुस्तक आहे. त्यात फिरत्या प्रेषिताबद्दल लिहिलंय: एक दिवस ठेवा, गरज असेल तर दोन, तिसऱ्या दिवशीही तळ ठोकून असेल तर खोटा संदेष्टा. जाताना पैसे मागितले तरी खोटा. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवस. आणि कुणाला कायमचंच राहायचं असेल तर कामाला लावा, खायला बसवून नको. म्हणजे आपल्या पूर्वजांकडेही आठवडाभर राहून जाणारे मामा होतेच.

अल्फा_बीटा

संदर्भ बरोबर आहे, अध्याय ११ आणि १२. 'मामा' मूळ ग्रीकमध्ये नाहीत.

जाता जाता, दुसऱ्या शतकाच्या आसपासचं दियोग्नेत नावाच्या माणसाला लिहिलेलं एक पत्र आहे, लेखक अज्ञात. त्यात म्हटलंय की ख्रिस्ती लोकांचा देश, भाषा, पेहराव इतरांहून वेगळा नसतो, ते आपापल्या देशात राहतात पण उपऱ्यांसारखे, प्रत्येक परका मुलूख त्यांना मायदेश आणि प्रत्येक मायदेश परका. पहिला अर्धा भाग सगळे विसरतात: प्रत्येक परका मुलूख मायदेश. या पत्राची एकमेव हस्तलिखित प्रत पंधराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये मासेविक्याच्या दुकानातल्या रद्दीत सापडली म्हणतात, आणि १८७० मध्ये स्ट्रासबुर्गच्या ग्रंथालयाला युद्धात आग लागली त्यात ती जळाली. तोवर नकला झाल्या होत्या म्हणून आपण वाचतोय.

मोहरीचा_दाणा

पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय. तुम्ही विसरला असाल.

मीठताईंनी उत्तर लिहू नका म्हटलं होतं, म्हणून लिहिलं नव्हतं. अजूनही घर सोडता येईल का ते माहीत नाही. पण मागची खोली रिकामी होती. 'पाहुण्यांसाठी' ठेवलेली, म्हणजे पलंगावर प्लास्टिक घातलेलं आणि दार बंद. नवऱ्याच्या कचेरीत एक मुलगी नवीन रुजू झालीय, लांबून आलेली, भाषा येत नाही, एकटी म्हणून खोली कुणी देईना. आम्ही म्हटलं, सोय होईपर्यंत ये. तीन आठवडे झाले. दिदाखेच्या हिशेबाने ती सात वेळा खोटी ठरली.

सगळं गोड आहे असं समजू नका. ती रात्री उशिरा आंघोळ करते, माझी झोप मोडते. माझ्या ओट्यावर तिचा डबा कुठेही ठेवलेला असतो, आणि 'माझ्या' हा शब्द मी मनात दिवसातून किती वेळा म्हणते ते आता मोजायला लागलेय. त्या कोठारवाल्याची आठवण येते. रात्रपाळीताई, पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, "मग दुसरी खोली कधी बघणार?" विचारून झाल्यावर तुम्ही आठवलात.

काल ती दारात येऊन उभी राहिली. हातात तिच्या आईवडिलांचा फोटो. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "भिंतीला खिळा ठोकला तर चालेल का?"

एकोणीस वर्षं जे ऐकलं तेच माझ्या तोंडून निघत होतं. 'न' पर्यंत आलंसुद्धा होतं.

टिवल्याबावल्या

मग?

मोहरीचा_दाणा

दोन ठोकले. एक तिचा, एक सासऱ्यांचा. सासऱ्यांचा तिरका गेलाय.